ओल्या चढावर वजन कटतं, उरतो टायरचा दाब

‘जड गाडी रस्ता धरते.’ सेकंडहँड मोटारसायकल घ्यायला निघालेल्या माणसाला हे वाक्य कुणीतरी ऐकवतंच. महामार्गावर आडव्या वाऱ्यात त्यात थोडं तथ्य आहे. पण पावसाळ्यात मुळशीकडच्या एखाद्या वाडीवर जाणारा तांबड्या मातीचा चढ समोर आला, की ते साफ चुकतं. कच्च्या वाटेवर चालवायला शिकायचं असेल तर १०० ते १२५ सीसीची, ११०-१२० किलोची जुनी गाडी ही तडजोड नाही, तो योग्य पर्याय आहे. कारण मातीच्या विज्ञानात आहे.

शाळेतलं घर्षण आठवा: घर्षणबल म्हणजे गुणांक गुणिले लंब बल. गाडी जड केली तर पकड वाढते, पण चढावर मागे खेचणारं बलही त्याच प्रमाणात वाढतं. दोन्ही बाजूंचं वजन कटतं. हा नियम मात्र एकमेकांवर घसरणाऱ्या दोन घन पृष्ठभागांचा आहे. चिखलात टायर मातीवरून घसरत नाही. टायरच्या नक्षीत माती भरते आणि ती खालच्या मातीवरून घसरते. म्हणजे तुटते ती माती. प्रश्न टायर किती धरतो हा नसून माती किती सहन करते हा आहे.

याचं गणित मांडलं शार्ल कुलोम यांनी. विद्युतप्रभारांच्या नियमामुळे आपल्याला माहीत असलेले हेच कुलोम मुळात लष्करी अभियंता होते. मार्टिनिक बेटावर किल्ला बांधून परतल्यावर, १७७३ साली त्यांनी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे भिंतींवर येणाऱ्या मातीच्या रेट्याबद्दल निबंध वाचला. त्यातला विचार असा, की मातीचा विरोध दोन गोष्टींनी बनतो. एक संसंजन, म्हणजे कणांनी एकमेकांना धरून ठेवणं. ते क्षेत्रफळावर अवलंबून. दुसरं कणांमधलं घर्षण. ते वजनावर अवलंबून. चाकासाठी लिहायचं तर:

कमाल ओढ = (टेकलेलं क्षेत्रफळ × संसंजन) + (चाकावरचा भार × घर्षण गुणांक)

कोरड्या वाळूत संसंजन जवळपास शून्य, सगळी मदार घर्षणावर. ओल्या चिकणमातीत नेमकं उलट. तिच्या कणांमधल्या फटी पाण्याने भरलेल्या असतात आणि इतक्या बारीक असतात, की चाक वरून जाताना पाण्याला निसटायला वेळच मिळत नाही. त्यामुळे चाकाचा भार कणांवर न पडता पाण्यावर पडतो, आणि पाण्याला घर्षण नाही. सूत्रातला दुसरा भाग गळून पडतो. वजन कितीही टाका, कणांना ते कळतच नाही.

उरतं क्षेत्रफळ. टायरचं टेकलेलं क्षेत्रफळ ढोबळमानाने भार भागिले हवेचा दाब. हे सूत्रात घातलं की एका किलोच्या भारामागे मिळणारी ओढ निघते संसंजन भागिले टायरचा दाब. वजन पुन्हा कटलं! मऊ ओल्या चिकणमातीचं संसंजन साधारण ३ पीएसआय (चौरस इंचाला पौंड, टायरची हवा मोजायचं एकक) धरा. मागच्या टायरमध्ये ३३ पीएसआय हवा असेल तर ओढ भाराच्या ११व्या भागाइतकी. १८ पीएसआय असेल तर ६व्या भागाइतकी. मागच्या चाकावर एकूण वजनाचा ६० टक्के भार असेल, तर पहिल्या गाडीला १०० मीटरमागे साडेपाच मीटरचा चढ कसाबसा जमेल, दुसरीला १० मीटरचा. इंजिन तेच, चालवणारा तोच. टायरच्या भिंतींचा ताठपणा आणि रुतण्यात वाया जाणारी ताकद यात धरलेली नाही. ती धरली तर दोन्ही आकडे घटतात, पण कडक टायर जास्त रुततो म्हणून त्याचा आकडा जास्त घटतो.

हलक्या गाडीचा खरा फायदा इथे आहे. दाब किती उतरवता येईल हे दगड ठरवतो. दगडावर आपटून टायर रिमपर्यंत दबला, की ट्यूब मध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. गाडी जितकी जड तितका हा धोका जास्त दाबाला येतो. लहान गाडीला १८ ते २० पीएसआय चालतात, तेही फक्त संथ वेगात. दुसरा धोका रिम टायरच्या आत सरकण्याचा. ट्यूब सोबत ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो. म्हणून व्हॉल्व्हचा नट रिमला आवळू नका, वर टोपीला टेकवून ठेवा. व्हॉल्व्ह तिरका दिसला की हवा सोडून ट्यूब सरळ करा.

‘नायट्रोजन भरा, पकड वाढते’ या प्रचारावर पैसे घालवू नका. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. त्या पैशांत दाब मोजायचा गेज आणि छोटा पायपंप घ्या.

मातीचा आणखी एक स्वभाव: ती तुटेपर्यंत सर्वात जास्त विरोध करते, एकदा कालवली गेली की कमी. चाक जागच्या जागी फिरू लागलं की ॲक्सिलरेटर पिळणं म्हणजे कालवण्याचा वेग वाढवणं. म्हणून चढ पहिल्याऐवजी दुसऱ्या गिअरमध्ये, अर्धा क्लच धरून चढवा. मागच्या चाकाला झटके बसत नाहीत. चाक सुटलंच तर ॲक्सिलरेटर सोडा आणि एक वीत बाजूच्या न कालवलेल्या मातीवर जा. साखळी ज्या दातेरी चक्रांवरून फिरते त्या स्प्रॉकेटपैकी मागच्या चाकाच्या नाही, इंजिनाकडच्या स्प्रॉकेटला १४ दात असतील तर १३चा बसवा. चाकावरची ताकद सुमारे ८ टक्के वाढते आणि क्लच कमी जळतो.

खाली कडक मुरूम आणि वर बोटभर गाळ असेल तर मात्र अरुंद टायर चांगला, कारण तो गाळ कापून मुरमाला टेकतो. गोटा झालेला टायर कुठेच उपयोगाचा नाही.

जुनी गाडी बघताना पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा; मधोमध अडकल्यासारखं वाटलं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतलं बेअरिंग, गेलाय. आऱ्यांवर पान्याने टिचक्या मारा. सैल आरा बद्द वाजतो. मागचं चाक आडवं हलवून स्विंगआर्मचे, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या हलत्या दांड्याचे, बुश तपासा.

डांबरी रस्ता लागताच थांबून हवा पुन्हा कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणा. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि वळणावर लोळतो. ड्रम ब्रेकमध्ये पाणी गेलं असेल तर पहिले काहीशे मीटर ब्रेक हलका दाबून ठेवत चालवा, म्हणजे लायनर गरम होऊन सुकतील.