इलिनॉयमधली रुईची बहीण

फुलपाखरांसाठी बाग म्हणजे रंगीत फुलांची गर्दी, असा समज आहे. मोनार्क फुलपाखराला मध कुठल्याही फुलातला चालतो; पण त्याच्या अळीला मिल्कवीड नावाच्या झाडाचंच पान लागतं. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकी सरकारने मोनार्कला संकटग्रस्त ठरवण्याचा प्रस्ताव मांडला. अमेरिकेतलं इलिनॉय हे 'प्रेअरीचं', म्हणजे गवताळ माळाचं राज्य, पण तिथल्या मूळ माळातला दहा हजारांत एक भागच जेमतेम शाबूत आहे. म्हणून तिथल्या अंगणात तिथलंच केशरी मिल्कवीड लावावं.

हे आपल्या रुईच्याच कुळातलं. शेंग तडकली की तशाच म्हाताऱ्या उडतात. फुलाची करामतही तीच, आणि ती भिंगातून पाहण्यासारखी आहे. इथे पराग पिठासारखे सुटे नसतात. मेणचट पुड्यांत बांधलेले असतात. फुलात मधाचे पाच पेले आणि त्यांच्या अधेमधे पाच उभ्या फटी. पेल्यावर बसलेल्या मधमाशीचा पाय घसरून फटीत जातो. ती पाय वर ओढते तेव्हा फटीच्या टोकाचा बारीक काळा चिमटा पायाला बसतो आणि त्याला लोंबणाऱ्या दोन पिवळ्या पुड्या बाहेर येतात, बैलाच्या पाठीवरच्या गोणीसारख्या. वाऱ्यावर चिमट्याचे दांडे सुकतात, पिळतात, पुड्या आडव्या वळतात. आता त्या दुसऱ्या फुलाच्या फटीत नेमक्या बसतात. एका पुडीत अख्ख्या शेंगेपुरते पराग असतात. लहान किडे मात्र कधीकधी अडकून तिथेच मरतात.

स्वतःच्या परागाने या झाडाला सहसा शेंग धरत नाही, म्हणून बियांपासून केलेली दोन-तीन झाडं तरी हवीत. बी ओल्या वाळूत कालवून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवा, किंवा नोव्हेंबरात सरळ जमिनीत टाका. थंडी खाल्ल्याशिवाय ते नीट रुजत नाही. ऊन भरपूर, पाणी निचरणारी जमीन. सोटमूळ खोल जातं, त्यामुळे जागा बदलू नका.

आपल्याकडे हळदी-कुंकू म्हणतात ते मिल्कवीड फ्लोरिडा-टेक्ससमध्ये लावू नये. ते हिवाळ्यातही हिरवं राहतं आणि पानांवर मोनार्कचा एक परजीवी साठत जातो. आणि पांढऱ्या रुईच्या मुळात गणपती तयार होतो म्हणून मुळं विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. तो गणपती कोरलेला असतो, आणि त्यासाठी झाड उपटलेलं असतं.

केशरी मिल्कवीड वसंतात उशिरा उगवतं. मे उजाडला तरी काही दिसलं नाही म्हणून मेलं समजू नका. शरदातच जागेवर काडी रोवून ठेवा.