बास्केट आधी आली, पटर मागाहून

डिस्क गोल्फचा पटर घ्यायला निघालेल्या माणसापुढे आज प्रश्नांची रांग उभी राहते. बीड, म्हणजे कडेखालचा उंचवटा, असलेला घ्यायचा की बिनबीडाचा? प्लास्टिक मऊ हवं की कडक? रिम, म्हणजे कड, खोल की उथळ? वजन १७० ग्रॅम की १७५? आणि डिस्कवर छापलेल्या त्या चार आकड्यांवर कितपत विश्वास ठेवायचा? दुकानात नमुने ढिगाने असतात. डोळे मिटून हातात घेतले, तर निम्म्यांतला फरक सांगता येणार नाही. हे प्रश्न गेल्या पन्नास वर्षांत एकेक करून खेळात आले. त्यांतल्या बहुतेकांचं मूळ पटरमध्ये नाहीच. पटर जिच्यात टाकायचा, त्या साखळ्यांच्या बास्केटमध्ये ते आहे.

खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात: गोल्फसारखंच सगळं, फक्त चेंडूऐवजी तबकडी आणि खळग्याऐवजी खांबावर बसवलेली लोखंडी बास्केट. बास्केटच्या वर साखळ्या लोंबत असतात. डिस्क त्यांना आदळते आणि खाली पडते. लांबच्या फेकीसाठी ड्रायव्हर, मधल्या टप्प्यासाठी मिडरेंज आणि शेवटच्या काही मीटरसाठी पटर. अमेरिकेत राहणाऱ्या बऱ्याच मराठी कुटुंबांनी या बास्केट सार्वजनिक बागांत पाहिलेल्या असतात. त्या कशासाठी आहेत, याचा उलगडा मात्र अनेकांना उशिरा होतो.

तबकडी नेम धरून फेकण्याचा खेळ बास्केटपेक्षा खूप जुना आहे. कॅनडातल्या सस्कॅचवान प्रांतात, ब्लॅडवर्थ नावाच्या गावी, १९२६ मध्ये शाळकरी पोरं पत्र्याची झाकणं वाळूत आखलेल्या वर्तुळांत टाकत. अमेरिकेत फ्रिस्बी घरोघरी पोचल्यावर झाडं, दिव्याचे खांब, कचऱ्याचे डबे अशी हाताशी असेल ती वस्तू लक्ष्य ठरू लागली. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात एक गट १९७० च्या सुमारास नियमित खेळत होता. या काळात पटर नावाची वेगळी वस्तू अस्तित्वात नव्हती, आणि तिची गरजही नव्हती. खांबाला डिस्क नुसती लागली की काम झालं. ती कशी लागली, लागून कुठे गेली, याला काही अर्थ नव्हता.

गरज निर्माण केली ती एड हेड्रिक यांनी. हेड्रिक व्हॅम-ओ या खेळणी बनवणाऱ्या कंपनीत होते. फ्रेड मॉरिसन यांच्या उडत्या तबकडीचे हक्क व्हॅम-ओने १९५७ मध्ये घेतले होते. हेड्रिकनी तिच्या पाठीवर वर्तुळाकार बारीक उंच रेषा घालून तिचं उड्डाण स्थिर केलं आणि त्याचं पेटंट त्यांना १९६७ मध्ये मिळालं. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसजवळ, ला कॅन्याडा फ्लिंट्रिजच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्यांनी डिस्क गोल्फचं पहिलं कायमस्वरूपी मैदान उभं केलं. तिथे सुरुवातीला नुसते खांबच होते. मग व्हायचं ते झालं: डिस्क खांबाला लागली की नुसती जवळून गेली, यावरून वाद. हा रोजचा वाद मिटवण्यासाठी हेड्रिकनी आपल्या मुलासोबत खांबाला साखळ्या आणि खाली पिंजरा जोडला. साखळ्या खळखळल्या आणि डिस्क पिंजऱ्यात राहिली, की कोणी काही बोलायचं कारण उरलं नाही. या रचनेचं पेटंट १९७७ मध्ये निघालं. मधल्या काळात, १९७६ मध्ये, त्यांनी प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन म्हणजे पीडीजीए स्थापन केली आणि पहिला सदस्य क्रमांक स्वतःकडे ठेवला. २००२ मध्ये त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या रक्षेचा अंश डिस्कच्या प्लास्टिकमध्ये मिसळण्यात आला. या माणसाचं खेळाशी नातं किती घट्ट होतं, हे सांगायला आणखी पुरावा नको.

साखळ्या आल्या आणि लक्ष्याचा स्वभावच बदलला. आता डिस्क नुसती पोचून भागेना. ती साखळ्यांनी धरली पाहिजे. फार जोरात गेली तर साखळ्यांमधून आरपार. एका बाजूला लागली तर बाहेर फेकली जाते. नाक, म्हणजे पुढची कड, वर करून गेली तर वाऱ्यावर चढते आणि बास्केटच्या डोक्यावरून पलीकडे जाते. यात एका नियमाची भर पडली. बास्केटपासून १० मीटरच्या आतून फेकताना खेळाडूने डिस्क सोडल्यावर तोल सांभाळला पाहिजे. डिस्कच्या मागोमाग पुढे पडता किंवा पाऊल टाकता येत नाही. म्हणजे धावपळ नाही, उडी नाही, जे काही बळ ते उभ्या जागेवरून, मनगट, हात आणि पायांच्या जेमतेम हालचालीतून. एवढ्या कमी वेगात सरळ उडेल, साखळ्यांना बिलगेल आणि निमूट खाली पडेल अशी तबकडी हवी होती. साध्या फ्रिस्बीकडून हे सगळं होणं अवघड होतं.

तरीही काही वर्षं फ्रिस्बीवरच भागलं. १९७९ मध्ये व्हॅम-ओने कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन बीचला ५०,००० डॉलर बक्षिसाची स्पर्धा भरवली, तीसुद्धा झेलायच्या फ्रिस्बी घेऊन. ११९, १४१, १६५ ग्रॅम अशा वजनांच्या फ्रिस्बी मिळत, आणि खेळाडू त्यांतूनच जवळच्या फेकीसाठी आपल्या सोयीची निवडत. पटरची निवड आणि तुलना खरं तर तेव्हाच सुरू झाली, फक्त त्याला कोणी पटर म्हणत नव्हतं.

कलाटणी मिळाली १९८३ मध्ये. डेव्ह ड्युनिपेस यांनी एक सरळ विचार केला: गोल्फची डिस्क कोणी झेलत नाही, मग तिची कड हाताला सुखकर, गोल आणि बोथट ठेवायची कशाला? त्यांनी कड उतरती, धारदार केली, व्यास कमी केला आणि वजन कडेला आणलं. पेटंटचा अर्ज १९८३ चा, मंजुरी १९८६ ची. याच सुमारास त्यांनी काही जोडीदारांबरोबर इनोव्हा ही कंपनी काढली. १९८२ चे जगज्जेते हॅरल्ड डुव्हाल हे त्या जोडीदारांपैकी एक. नवी डिस्क जुन्या फ्रिस्बीपेक्षा इतकी दूर जाऊ लागली, की डिस्कची कुळंच वेगळी झाली. लांब जाणाऱ्यांची कड दिवसेंदिवस रुंद आणि धारदार होत गेली. आज काही ड्रायव्हरची रिम दोन सेंटीमीटरहून रुंद असते. पटर मात्र मागेच राहिला, आणि ते मुद्दामच. बोथट नाक, जेमतेम एक सेंटीमीटरची रिम, खोल पोट.

या कुळातला मूळपुरुष म्हणजे इनोव्हाचा एव्हिआर. १९८० च्या दशकातला हा पटर अजून बनतो, अजून विकला जातो आणि अजून मोठ्या स्पर्धांत दिसतो. व्यास २१.२ सेंटीमीटर, कमाल वजन १७६ ग्रॅम. हे वजन कुठून आलं, ते पाहण्यासारखं आहे. पीडीजीएचा नियम असा, की डिस्कच्या व्यासाच्या दर सेंटीमीटरमागे ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त वजन चालत नाही. २१.२ ला ८.३ ने गुणा, जवळजवळ १७६ येतात. व्यास २१ सेंटीमीटरपेक्षा कमी ठेवायलाही बंदी आहे. म्हणजे दुकानातला जवळपास प्रत्येक जड पटर १७४ ते १७६ ग्रॅमच्या आसपास का अडकलेला असतो, याचं उत्तर नियमपुस्तकात आहे. त्याशेजारी अल्टिमेट या फ्रिस्बीच्या सांघिक खेळातली १७५ ग्रॅमची डिस्क ठेवा. वजन तेच, पण व्यास सुमारे २७ सेंटीमीटर, म्हणजे वाऱ्याला मिळणारा पृष्ठभाग दीडपटीहून मोठा. वाऱ्यात बास्केटसमोर उभं राहिल्यावर पटर आटोपशीर का केला, हे सांगावं लागत नाही.

बीडचा वादही एव्हिआरच्याच घरातला. रिमच्या खालच्या कडेला जो बारीकसा गोल उंचवटा असतो, त्याला बीड म्हणतात. एव्हिआर मोठ्या बीडचाही निघाला आणि लहान बीडचाही. मोठा बीड असलेली डिस्क शेवटी डावीकडे वळण्याचा आपला स्वभाव जास्त राखते (उजव्या हाताच्या बॅकहँडने फेकली तर) आणि झिजली तरी लवकर बिघडत नाही. लहान बीडची डिस्क हातातून विनाअडथळा सुटते आणि सरळ जाते. खेळाडूंनी आपापल्या बाजू घेतल्या. केन क्लायमो यांनी १९९० ते १९९८ सलग नऊ वर्षं आणि नंतर आणखी तीनदा, अशी बारा जागतिक विजेतेपदं मिळवली. त्यांच्या नावाचा केसी प्रो एव्हिआर मोठ्या बीडचा आणि कडकसर प्लास्टिकचा. ज्युलियाना कोर्व्हर महिलांमध्ये पाच वेळा जगज्जेत्या. त्यांच्या नावाचा जेके प्रो एव्हिआर लहान बीडचा आणि मऊ. दोघंही एकाच कुळातल्या डिस्क घेऊन शिखरावर पोचले. बीडवरून हमरीतुमरीवर येणाऱ्यांना मी हे उदाहरण आवर्जून देतो. वाद मिटत नाही, पण आवाज खाली येतो.

याच काळात एक वेगळाच नाद लागला. एकाच साच्यातल्या, एकाच नावाच्या डिस्क वेगवेगळ्या बॅचमध्ये किंचित वेगळ्या निघतात. प्लास्टिकचं मिश्रण, थंड होण्याचा वेग, घुमटाची उंची यांत थोडा फरक पडतो. मग जुन्या शिक्क्यांच्या डिस्कला मागणी आली. 'टेन टाइम' (दहा वेळा जगज्जेता) शिक्क्याचे केसी एव्हिआर शोधणारे लोक आजही आहेत. यात थोडं तथ्य आहे आणि बरीच श्रद्धा.

इतर कंपन्यांनी मूळ आकार फारसा न हलवता पकडीत बदल करून पाहिले. इनोव्हाच्याच ऱ्हायनोवर अंगठ्यासाठी वर एक उंच कडा आहे, तर मिशिगनच्या डिस्क्राफ्टने बँगर जीटीवर त्याच जागी खाचण दिली. सेंट लुइसच्या गेटवेने विझार्ड काढला आणि एकाच पटरचे मऊपणाचे इतके दर्जे बाजारात आणले की घेणारा गोंधळून जावा. मऊपणामागचा तर्क असा, की मऊ डिस्क साखळ्यांना आदळल्यावर दबते, उसळत नाही. थंडीत ती हाताला पकड देते, उन्हाळ्यात मात्र भाकरीच्या पिठासारखी लिबलिबीत होते. म्हणून काही खेळाडू ऋतू पाहून पटर बदलतात. २०१० मध्ये मिशिगनमधल्याच एमव्हीपीने आयन हा पटर आणला आणि त्यासोबत एक खरोखर नवी कल्पना: मधला भाग एका प्लास्टिकचा, कडा दुसऱ्या जड प्लास्टिकची. वजन परिघावर गेल्याने फिरक टिकते. पटरच्या चाळीस वर्षांच्या इतिहासात रचनेच्या पातळीवर वेगळं म्हणावं असं माझ्या मते एवढंच घडलं. बाकी सगळ्या छटा आहेत.

डिस्कवरचे चार आकडे हे इनोव्हाचं देणं: वेग, तरंगणं, सुरुवातीचं वळण आणि शेवटचं वळण. एव्हिआरवर २, ३, ०, १ असं लिहिलेलं असतं. पद्धत लोकप्रिय झाली आणि जवळपास सगळ्यांनी उचलली, पण हे आकडे कोणतीही तटस्थ संस्था तपासत नाही; प्रत्येक कंपनी स्वतःच्या डिस्कला स्वतःच गुण देते. पीडीजीए मान्यता देते ती व्यास, वजन, रिम, लवचिकता या मोजता येणाऱ्या गोष्टींना. शिवाय हे आकडे पूर्ण ताकदीच्या फेकीचं वर्णन करतात. पाच-सहा मीटरवरून टाकताना डिस्क तेवढ्या वेगाला पोचतच नाही, त्यामुळे तिसरा आकडा जवळजवळ गैरलागू होतो. तिथे सोडताना नाक किती वर आहे, यालाच जास्त किंमत. दोन पटर या आकड्यांवरून एकमेकांशी ताडून पाहणं म्हणूनच फार फळत नाही. रिमची खोली, बीड, प्लास्टिक आणि तुमची फेक फिरकीची आहे की ढकलल्यासारखी, या चार गोष्टी जास्त बोलक्या. फिरकीने फेकणाऱ्याला उथळ रिम आणि कडक प्लास्टिक सहसा मानवतं. ढकलून उंच झोक्याने टाकणाऱ्याला खोल रिम, तरंगणारी डिस्क.

आकडे उपयोगी पडतात ते पटर लांब फेकताना, आणि अलीकडे तो बराच लांब फेकला जातो. याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण जून २०२१ चं. युटामधल्या ऑग्डेन शहरात जागतिक स्पर्धेच्या शेवटच्या होलवर जेम्स कॉनरॅड पॉल मॅकबेथच्या मागे होता आणि बास्केट २४७ फूट, म्हणजे सुमारे ७५ मीटर दूर होती. बरोबरी साधायची तर डिस्क तिथूनच आत जायला हवी होती. ती गेली. कॉनरॅडने मग प्लेऑफही जिंकला. त्याच्या हातात होता एन्व्ही, एमव्हीपी कुटुंबातला जोडप्लास्टिकचा पटर, आणि पुढे कित्येक महिने सगळ्यांना तोच हवा होता. मॅकबेथचंही वाईट झालं नाही. डिस्क्राफ्टबरोबर त्याचा दहा वर्षांचा, एक कोटी डॉलरचा करार त्याच वर्षीचा आहे, आणि ल्यूना हा त्याच्या नावाने विकला जाणारा पटर आहे.

म्हणून आज अनुभवी खेळाडूच्या पिशवीत पटर एकच नसतो. बास्केटसाठी एकाच साच्याचे, एकाच प्लास्टिकचे, जवळपास एकाच वजनाचे दोन-तीन असतात, म्हणजे एक तळ्यात गेला तरी हात बिथरत नाही. फेकण्यासाठीचे वेगळे, बहुधा टिकाऊ प्लास्टिकचे. स्वस्त, पकडदार प्लास्टिकचा पटर झाडांना आणि साखळ्यांना आपटून हळूहळू झिजतो आणि उजवीकडे वळू लागतो. तो टाकून न देता सरळ किंवा उजव्या वळणाच्या फेकीसाठी राखून ठेवतात. वाऱ्याच्या दिवशी मात्र त्याच साच्याचा नवा, मोठ्या बीडचा तुकडा बाहेर निघतो.