नेपाळी मुलाला एनडीएचा फॉर्म भरता येतो, अडतं ते कागदांवर

खडकवासल्याच्या एनडीएसाठी, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, नेपाळचा नागरिकही अर्ज करू शकतो. तिची प्रवेश परीक्षा घेणाऱ्या यूपीएससीच्या (केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या) जाहिरातीत तसं स्पष्ट छापलेलं असतं. तरी आमच्या सोसायटीचे वॉचमनदादा मला विचारतात, "साहेब, गोरखा भरती तर बंद आहे ना?" बंद आहे ती नेपाळमधली जवानांची भरती. 2022 मध्ये जवानांना चार वर्षांसाठी घेणारी अग्निपथ योजना आली, ती भारत, नेपाळ आणि ब्रिटन यांच्या 1947 च्या त्रिपक्षीय करारात बसत नाही असं म्हणत नेपाळ सरकारने भरती अडवली. एनडीएतून अधिकारी होण्याची वाट वेगळी.

आधी मुलगा कोणत्या देशाचा ते ठरवा. पुण्यात जन्मला, मराठी शाळेत शिकला, एवढ्याने भारतीय होत नाही. आता बारावीला असलेल्या मुलांना 2004 नंतरचा नियम लागतो: आईवडिलांपैकी एक भारतीय हवा आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा. दोघेही नेपाळी असतील, तर आधार कार्ड नाचवून उपयोग नाही. ते नागरिकत्वाचा पुरावाच नव्हे.

मग लागते 'नागरिकता', म्हणजे नेपाळचं नागरिकत्व प्रमाणपत्र. ते सोळा पूर्ण झाल्यावर, तिथल्या जिल्हा प्रशासन कार्यालयातून मिळतं. फॉर्मची मुदत संपत आल्यावर गावाकडची गाडी धरणारे दर वर्षी भेटतात. अकरावीच्या सुट्टीतच जाऊन या.

खरी मेख तारखेत आहे. यूपीएससी जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरचीच धरते. महापालिकेचा जन्मदाखला, प्रतिज्ञापत्र, पत्रिका काही चालत नाही. नागरिकतेच्या नेपाळी बाजूवर मात्र ती विक्रम संवतात असते. सरसकट 57 वजा केले की पौष-माघातल्या मुलाचं वर्ष चुकतं, कारण 1 जानेवारीनंतर 56 वजा करायचे असतात. वय साडेसोळा ते साडेएकोणीसच्या मधलं लागतं, तिथे एक वर्ष म्हणजे सगळंच.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावरचा 'राष्ट्रीयत्व' रकाना वाचा. प्रवेशाच्या वेळी लिपिकाने सगळ्यांना 'भारतीय' लिहिलेलं असतं. दुरुस्ती शाळेत असतानाच करून घ्या. नंतर जनरल रजिस्टरला हात लावायला कोणी तयार होत नाही.

बाकी सोपं: फॉर्म ऑनलाइन, फी 100 रुपये (मुलींना माफ), उमेदवार अविवाहित. लष्करासाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते. नौदल-हवाई दलाला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हवं.

शेवटची अट बारीक अक्षरात आहे. नेपाळी उमेदवाराला भारत सरकारचं पात्रता प्रमाणपत्र लागतं. सूट फक्त नेपाळच्या गोरखा प्रजाजनांना. मधेशी (नेपाळच्या दक्षिणेकडच्या तराईतल्या) घरातल्या मुलाने 'नेपाळी म्हणजे गोरखाच' असं धरून चालू नये.