नऊ नंबर कसला घ्यायचा, हे भांडण जुनंच आहे

सांगलीच्या विश्रामबागेत चहाच्या गाड्यावर गेले पंधरा दिवस एकच विषय चाललाय, आमच्या फुटबॉल टीमला यंदा बाहेरनं स्ट्रायकर, म्हणजे सगळ्यात पुढं गोल मारायला असतो तो नऊ नंबर, घ्यायचा तर कसला. एक गट म्हणतो उंच धिप्पाड, हेडर मारणारा, दुसऱ्यांना नुसता पळणारा पाहिजे, आणि आमच्या एका दादांना खाली येऊन खेळवणाराच हवाय कारण त्यांनी मेस्सी बघितलाय. म्हटलं जरा मागं जाऊन बघू हे सगळे प्रकार आले कुठनं.

1925 पर्यंत ऑफसाईड (बॉल मिळताना नियमापेक्षा पुढं उभं असल्याचा दोष) व्हायचं नसेल तर फॉरवर्ड आणि गोललाईनच्या मधे समोरच्यांचे तीन जण लागायचे. त्याचे दोन केले आणि इंग्लंडच्या फर्स्ट डिव्हिजनमधले गोल एका सीझनात 1192 वरनं 1703 वर गेले. मग आर्सेनलच्या मॅनेजर चॅपमननी मधल्या फळीतल्या सेंटर हाफला मागं खेचून सेंटर फॉरवर्डच्या अंगावर सोडला, म्हणजे जोडच लावून दिली, आणि त्या जोडीत टिकायचं तर अंगात रग पाहिजे, हवेत उडी पाहिजे. तरी एव्हर्टनच्या डिक्सी डीननी 1927-28 ला लीगच्या 39 मॅचमधे 60 गोल ठोकले. हेडरवाल्या गटाचा देव हाच.

पण समोरचा पैलवान आखाड्यात उतरलाच नाही तर? 25 नोव्हेंबर 1953, वेम्बली. हंगेरीचा हिदेगकुटी नऊ नंबर घालून मागंच राहिला, आता त्याच्या मागं जावं का जागा धरावी हे इंग्लंडच्या जॉन्स्टनला शेवटपर्यंत कळलं नाही, हिदेगकुटीचे तीन गोल आणि मॅच 6-3. दादांचा फॉल्स नाईन म्हणतात तो हाच, मेस्सी 2009 ला रियल माद्रिदच्या बर्नाबेऊ मैदानात तसा खेळला तेव्हा बार्सानं, म्हणजे बार्सिलोनानं, 6-2 मारले. खरं तर ऑस्ट्रियाचा सिंडेलार 1930 च्या दशकातच असलं काहीतरी करत होता.

आपल्याकडचं उदाहरण तर भारीच. 1962 ची जकार्ता एशियाड, जिथं आपल्या कवठेपिरानच्या मारुती मानेंनी कुस्तीत सुवर्ण आणलं, तिथंच जर्नेलसिंगच्या डोक्याला टाके पडले होते, तर कोच रहीमसाहेबांनी या डिफेंडरला सेमीफायनल आणि फायनलला चक्क सेंटर फॉरवर्ड खेळवला. दोन्हीत गोल, सुवर्णपदक. नंतर आयएसएलमधे (इंडियन सुपर लीग) क्लबांनी नऊ नंबरला परदेशी माणूस आणायची सवयच लावून घेतली, बंगळुरूत मिकू मधे आणि छेत्री बाजूला.

आता फसलेला सौदा. 2009 ला बार्सानं एटोओ देऊन वर बक्कळ पैसे मोजून इब्राहिमोविच घेतला. माणूस नंबर एकचा, गोलही केले, पण मेस्सी मधे यायला लागल्यावर दोघांना एकच जागा पाहिजे झाली आणि वर्षभरात इब्रा मिलानला. एटोओनं तिकडं इंटरबरोबर तीन मोठे कप उचलले. उलट 2018 ला जिरू फ्रान्सकडनं अख्ख्या वर्ल्डकपमधे एकही शॉट टार्गेटवर न मारता चॅम्पियन झाला, कारण त्याचं काम डिफेंडर अंगावर घ्यायचं आणि एम्बाप्पे-ग्रीझमानला रान मोकळं करायचं. आमच्याकडं असला स्ट्रायकर आणला तर दुसऱ्या मॅचला पब्लिक शिव्या घालंल.

मँचेस्टर सिटीनंही त्यांचा स्ट्रायकर अग्वेरो गेल्यावर एक सीझन पक्क्या नऊ नंबरशिवाय लीग जिंकली, मग 2022 ला हालांड घेतला, त्यानं पहिल्याच सीझनात लीगमधे 36 मारले. पण मागनं बॉल द्यायला डी ब्रुयना होता ना!

इथंच मी गाड्यावर विचारलं, उंच पोरगा आणला तर त्याच्या डोक्यावर बाजूनं क्रॉस टाकणार कोण? आपला एकच होता डाव्या बाजूचा, तो दिवाळीनंतर पुण्याला नोकरीला गेला. हेडरवाल्या गटाकडनं अजून उत्तर आलेलं नाही.