पीईची परीक्षा आणि पीईचा परवाना

भाच्याचा ह्यूस्टनहून फोन आला, "आत्या, मी पीई झालो!" इकडे चिपळुणात दादाने शेजारीपाजारी पेढेही वाटले. मुलाचा अभ्यास खराच होता, आनंदही खरा. पण पीई म्हणजे 'प्रोफेशनल इंजिनिअर', अमेरिकेतला परवानाधारक इंजिनिअर. तो अजून पीई झालेला नाही, पीईची परीक्षा पास झालाय. हा घोळ मी इतक्या घरांत आणि इतक्या बायोडेटांवर पाहिलाय की आता सविस्तर लिहितेच.

एफई आणि पीई यांतला फरक बहुतेकांना ठाऊक असतो. एफई म्हणजे 'फंडामेंटल्स ऑफ इंजिनिअरिंग', पायाची परीक्षा: ११० प्रश्न, सगळं धरून सहा तास. पीई सिव्हिल म्हणजे ८० प्रश्न, आठ तास. दोन्ही संगणकावर, पिअर्सन व्ह्यू या कंपनीच्या परीक्षाकेंद्रात, वर्षभर. एफई दोन महिन्यांच्या एका टप्प्यात एकदाच आणि वर्षात तीनदाच देता येते, म्हणून 'बघू बसून' म्हणत तारीख घेऊ नका. पुस्तकं आत नेता येत नाहीत, संदर्भपुस्तिका पडद्यावरच मिळते. तेव्हा पहिल्या दिवसापासून तीच उघडून गणितं सोडवा. कॉलेजात वापरलेला कॅसिओ एफएक्स-९९१ चालतो, एफएक्स-१०० चालत नाही. परीक्षेच्या नोंदणीखात्यावरचं नाव-आडनाव पासपोर्टशी जुळवून घ्या. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींनी तर आधी तेच करावं.

आता मुख्य मुद्दा. परीक्षा घेते एनसीईईएस ही अमेरिकेतली संस्था. परवाना देतं त्या-त्या राज्याचं मंडळ. एनसीईईएस कोणालाही परवाना देत नाही.

हे असं का, ते इतिहासात आहे. १९०७ साली वायोमिंग राज्याने अमेरिकेतला इंजिनिअरांच्या परवान्याचा पहिला कायदा केला, कारण पाटपाण्याच्या अर्जांसोबतचे नकाशे वकील आणि नोटरीसुद्धा स्वतः काढून 'अभियंता' म्हणून सह्या करत होते. कॅलिफोर्नियात १९२८ च्या मार्चमध्ये सेंट फ्रान्सिस धरण मध्यरात्री फुटलं, चारशेहून अधिक माणसं गेली आणि पुढच्याच वर्षी सिव्हिल इंजिनिअरांसाठी कायदा आला. २०१९ च्या जुलैत तिवरे धरण फुटलं ती रात्र आमच्या तालुक्याने पाहिली आहे. सहीमागे एक नाव, एक क्रमांक, एक जबाबदार माणूस का हवा, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

आपली गल्लत होते, कारण आपल्याकडे पदवी मिळाली की माणूस इंजिनिअर. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे, इंजिनिअरांसाठी तसा देशभराचा कायदा नाही. जवळचं उदाहरण नगर परिषदेचं: बी.ई. असलात तरी परवानाधारकांत नाव नसेल तर घराच्या नकाशावर तुमची सही चालत नाही. तिकडे तेच, पण राज्याच्या कायद्याने आणि फार कडक. परवाना नसताना नावापुढे 'पीई' लावणं हा तिथे गुन्हा ठरू शकतो. व्हिजिटिंग कार्डावर 'पीई (परीक्षा उत्तीर्ण)' छापणाऱ्यांनी ते आजच काढावं.

काही राज्यं अनुभव पुरा होण्याआधीच परीक्षा देऊ देतात, काही आधी मंडळाची मंजुरी मागतात. म्हणून तारीख शोधण्याआधी आपल्या राज्याच्या मंडळाचे नियम वाचा, मित्राच्या राज्याचे नकोत. कॅलिफोर्नियात सिव्हिलवाल्यांना भूकंप आणि सर्वेक्षण या दोन परीक्षा वेगळ्या द्याव्या लागतात. टेक्सासचा परवाना शेजारच्या लुईझियानात चालत नाही. परीक्षा पुन्हा द्यायची नसते, पण अर्ज पुन्हा करायचा असतो.

माझं मत ठाम आहे: एफई शेवटच्या वर्षाला किंवा लगेच नंतर, विषय ताजे असताना. पीई राज्य देऊ देईल तितक्या लवकर. आणि अनुभवाची नोंद नोकरीच्या पहिल्या दिवसापासून. बहुतेक राज्यं साधारण चार वर्षांचा अनुभव मागतात आणि परवानाधारक पीईने त्याची खात्री द्यावी लागते. कोणतं काम, कधीपासून कधीपर्यंत, त्यात तुम्ही नेमकं काय केलंत, वर कोण पीई होता. 'साइटवर मदत केली' असं लिहिलंत तर मंडळ विचारणारच, कसली मदत?

भाच्याने ईमेलच्या सहीतून 'पीई' काढलंय. नोंदवहीही सुरू केली आहे, पण दोन वर्षं उशिरा. त्याचे पहिले साहेब मधल्या काळात नोकरी सोडून गेले. सध्या तो त्यांचा पत्ता शोधतोय.