मुष्टिफंड

मुष्टिफंड : रोजच्या स्वयंपाकासाठी काढलेल्या धान्यातून एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकायची आणि साठलेले धान्य ठरल्या दिवशी संस्थेला द्यायचे, अशी निधी उभारण्याची पद्धत. मूठफंड असेही म्हणतात. महाराष्ट्रात ती मुख्यतः रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांमुळे परिचित झाली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ही संस्था १९१९ मध्ये काले (ता. कराड) येथे स्थापन केली. १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली.

उगमाबद्दल एकमत नाही. एक मत तिला माधुकरीशी जोडते. पण माधुकरीत शिजलेले अन्न मिळते, घेणारा स्वतः दारात उभा असतो आणि जे मिळेल ते त्याच दिवशी संपते. मुष्टिफंडात धान्य कोरडे असते, ते मागणारा येण्याआधीच काढलेले असते आणि व्यक्तीऐवजी संस्थेला जाते. वासुदेव, जोशी अशा दारोदार फिरणाऱ्या भिक्षेकऱ्यांना सुपातून घातले जाणारे कोरडे धान्य या दृष्टीने अधिक जवळचे. दुसरे मत ईशान्येकडे बोट दाखवते. मिझोराममधील प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये ‘बुहफाइ थाम’ ही मूठभर तांदळाची प्रथा साधारणतः १९१० पासून सांगितली जाते. तेथे दर स्वयंपाकाला तांदूळ काढून ठेवतात, स्त्रिया तो घरोघरी गोळा करतात आणि विक्रीची रक्कम चर्चच्या कामाला जाते. बंगालमध्येही स्वदेशीच्या काळात मुष्टिभिक्षा रूढ होती. काळ जवळचा असला तरी एवढ्यावरून उसनवारी सिद्ध होत नाही. नगद पैसा दुर्मिळ आणि कणगीत मात्र धान्य, अशा समाजात हा मार्ग स्वतंत्रपणे सुचणे अधिक संभवनीय वाटते. दाण्याची चाल जुनी आणि तिचे संस्थात्मक रूप विसाव्या शतकातले, असे मानणे सयुक्तिक ठरेल.

मध्यम मुठीत ज्वारी वा तांदूळ अंदाजे ३० ते ४० ग्रॅम मावतो. दोन वेळा मूठ टाकली तर घरामागे महिन्याला सुमारे २ किलो, म्हणजे खाडा न पडल्यास १०० घरांमागे २ क्विंटल धान्य जमते. मुलाला दिवसाला ४५० ग्रॅम धान्य लागते असे धरले, तर त्यात साधारण १५ मुलांची सोय होते. मडके धान्याच्या भांड्याशेजारीच ठेवावे लागते; माजघराच्या कोपऱ्यात गेले की विसरले जाते. मूठ दळणाआधी, दाण्याचीच काढायची. पीठ घेऊ नये, कारण पावसाळ्यात ते लवकर कुबट होते. संकलनाचा वार पक्का असावा. धान्य घरमालकिणीसमोर मोजून वहीत लिहावे, चाळून, उन्हात वाळवून मगच साठ्यात घालावे. ज्वारी-बाजरी एकत्र झाली तरी भाकरीला चालते. तांदळात ज्वारी मिसळली तर दोन्ही वाया जातात, म्हणून पोती वेगळी हवीत.

खळ्यावर मागितलेले धान्य एकदाच, पण भरपूर येते. त्यावर विसंबलेली संस्था आषाढ-श्रावणात अडचणीत येते. कणग्या तळाला गेलेल्या असतात, पेरणीचा खर्च होऊन गेलेला असतो आणि वसतिगृहे मात्र जूनपासून भरलेली असतात. मुष्टिफंडाचे खरे महत्त्व येथे आहे. ज्या घराला पायलीभर धान्य देणे जड जाते, त्यालाही मूठ जड जात नाही. मात्र या महिन्यांत मूठ लहान होते, काही घरी ती बंदही पडते. तेव्हा तगादा लावला तर ते घर सुगीतही दार उघडत नाही. रिकामे मडके पाहूनही संकलकाने ठरल्या वारी जावे, मुलांची खुशाली सांगावी आणि वहीत त्या घरापुढे खाडा न लिहिता जागा कोरी ठेवावी. देणाऱ्यांची नावे आकड्यांसह चावडीवर वाचणे टाळावे. कमी देणाऱ्या घराला ते लागते.

फंड बहुधा देणाऱ्यांमुळे नव्हे, संकलनातल्या ढिलाईमुळे मोडतो. दोन-तीन आठवडे कोणी आले नाही की मडक्यातले धान्य घरच्या स्वयंपाकात जाते आणि सवय तुटते. दुसरे कारण साठवण. दमट हवेत सोंडे लागतात. किडलेले धान्य फेकलेले गावाने पाहिले तर पुढची मूठ थांबते. म्हणून पावसाळ्यात साठा पंधरवड्याहून अधिक ठेवू नये, आधी आलेले आधी वापरावे.

विनोबा भावे यांचे सर्वोदयपात्र (१९५७-५८ च्या सुमारास) याच कुळातले. तेथे मूठ घरातल्या लहान मुलाने टाकावी असा आग्रह होता. अंताजी दामोदर काळे यांचा पैसाफंड हे रोख रूपातले नाते. त्यातून तळेगाव येथे १९०८ च्या सुमारास काचकारखाना निघाला.

आयकर कायद्यात देणगीवर मिळणारी वजावट वस्तुरूप देणगीला मिळत नाही. त्यामुळे धान्याच्या पावतीवर वजन लिहावे, करसवलतीचा उल्लेख करू नये.