आत्याच्या भाकरीचा ठेका

औसा तालुक्यातल्या आमच्या गावी, आत्याच्या घरी मुक्काम असला की पहाटे आवाजानं जाग यायची. काठवटीत भाकरी थापल्याचा आवाज. थप थप थप, मध्ये पीठ भुरभुरायला जरा थांबायचं, पुन्हा थप थप थप. उंडा दोन्ही तळव्यांत गोल करून ती काठवटीत ठेवायची आणि थापता थापता भाकरी आपली आपण फिरत राहायची. त्याच वेळी आत्या सुनेशी बोलायची, नातवाला हाका मारायची, चुलीतलं लाकूड पुढं सारायची. हातांकडं तिचं लक्षच नसायचं.

काही वर्षांपूर्वी तो ठेका बिघडला. आवाज आधी मंद झाला, मग तुटक. भाकरी लहान आणि जाड व्हायला लागली. "उजवा हात ऐकंना गेलाय," असं ती सुनेला सांगायची. वय तेव्हा 62. कुणी म्हणालं वात आहे, कुणी म्हणालं वय झालं, कुणी मालिशचं तेल आणून दिलं. यात वर्ष गेलं.

मग हरिपाठाला बसल्यावर शेजारणींना तिचा हात दिसला. मांडीवर सैल ठेवलेल्या उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासत होती. माळेचे मणी ओढावेत तशी, पण हातात माळ नव्हती. पाण्याचा तांब्या उचलायला तिनं हात पुढं केला की थरथर थांबायची. तांब्या ठेवला, हात मांडीवर गेला की पुन्हा सुरू. "काम करताना हलत नाही अन् बसल्यावरच कसा हलतो?" हा प्रश्न मागं कुजबुजीत विचारला गेला. त्यात थोडा संशय होता आणि आत्याला तो लागला.

ज्या गोष्टीवरून तिच्यावर संशय घेतला गेला, तीच तिला झालेल्या पार्किन्सन या आजाराची मोठी खूण आहे. हात कपबशी उचलताना, सही करताना थरथरत असेल तर तो बहुधा वेगळा कंप असतो. तो पुष्कळांना असतो आणि बऱ्याचदा घराण्यात चालत आलेला असतो. पार्किन्सनचा कंप विसाव्यातला. सेकंदाला साधारण 4 ते 6 वेळा, आणि सुरुवातीला शरीराच्या एकाच बाजूला. कितीतरी रुग्णांना तर कंप नसतोच. आपल्याकडं याला कंपवात म्हणतात, त्यामुळं हात थरथरत नाही तोवर कुणी पार्किन्सनचा विचारच करत नाही. माझ्या मते आत्याचं वर्ष या नावानंच खाल्लं. तिचं पहिलं लक्षण होतं लहान होत गेलेली भाकरी. लिहिणाऱ्या माणसाचं अक्षर असंच ओळीच्या शेवटाकडं बारीक होत जातं. पावलं आखूड होतात, आवाज खाली जातो, चालताना एक हात हलायचा थांबतो, पापण्या कमी लवतात, चेहऱ्यावरचं हसू उशिरा येतं. प्रत्येक हालचाल होते, पण मनात असते त्याहून छोटी आणि सावकाश.

असं का होतं हे कळायला मेंदूच्या तळाशी जावं लागतं. मानेवर मेंदूचा जो देठ आहे, त्याच्या वरच्या भागात दोन्ही बाजूंना एकेक काळपट पट्टा असतो. काळपट, कारण तिथल्या पेशींत वयाबरोबर एक गडद रंगद्रव्य साठत जातं. माणसाच्या मेंदूत 8,600 कोटींच्या आसपास चेतापेशी आहेत. त्यांतल्या या काळ्या पट्ट्यातल्या, दोन्हीकडच्या मिळून, काही लाख. पण एकेका पेशीचे धागे वर जाऊन इतके फाटे फोडतात की ती लाखो ठिकाणी जोडलेली असते. त्या जोडांवर ती डोपामिन नावाचं रसायन सोडते. पार्किन्सनमध्ये याच पेशी मरत जातात.

डोपामिनचं काम समजून घ्यायला रब्बीच्या रात्री दारं धरायला गेलेला माणूस डोळ्यांपुढं आणा. दंडानं, म्हणजे रानातल्या छोट्या चारीनं, पाणी येतं. तो एका वाफ्याचं दार फोडतो आणि बाकीची मातीनं बुजवून ठेवतो. दोन्ही कामं सारखीच महत्त्वाची. सगळी दारं उघडी राहिली तर एकही वाफा भिजत नाही, सगळी बंद राहिली तरी तेच. मेंदूच्या आत खोलवर काही गाठींचा समूह आहे, तो हालचालींची दारं धरतो. शरीर कुठल्याही क्षणी शेकडो हालचाली करू शकतं. त्यांतली हवी ती मोकळी करायची आणि उरलेल्या अडवायच्या. मोकळं करणारी एक वाट आहे, अडवणारी दुसरी. डोपामिन पहिलीला जोर देतं आणि दुसरीला आवरतं. ते कमी पडलं की बुजवलेली दारं नीट फुटत नाहीत. पाणी दंडात असतं, वाफ्यात झिरपत मात्र येतं. आत्याच्या हातात ताकद होती, थापायची इच्छा होती, कसं थापायचं हे ठाऊक होतं. अडलं होतं ते दारापाशी.

दुसरी गोष्ट लातूरकरांना वेगळी समजवावी लागणार नाही. मांजरा धरण आटत जातं तेव्हा बराच काळ नळाला पाणी येतच असतं. साठा मृतसाठ्याला टेकतो, तेव्हा गाव जागं होतं. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पण धरण काही त्या महिन्यात आटलं नव्हतं. पार्किन्सनची थरथर किंवा मंदपणा दिसायला लागतो, तोवर काळ्या पट्ट्यातल्या निम्म्या किंवा त्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात आणि हालचाल सांभाळणाऱ्या गाठींतलं डोपामिन 70-80 टक्क्यांनी घटलेलं असतं. उरलेल्या पेशी जास्त राबून तूट झाकत राहतात.

या झाकलेल्या काळातही काही चिन्हं असतात. लातूरच्या डॉक्टरांनी आत्याला विचारलं, "वास येतो का नीट?" तिच्या सुनेला आठवलं की फोडणी करपली तरी सासूबाईंना कळत नाही, हे घरात कित्येक वर्षं चेष्टेचा विषय होतं. दुसरा प्रश्न पोट साफ होण्याचा. तिसरा झोपेचा. आत्या झोपेत ओरडायची, हातपाय झाडायची. स्वप्न पडतं तेव्हा मेंदू शरीराचे स्नायू सैल करून ठेवतो, म्हणून आपण स्वप्नात पळालो तरी अंथरुणातच असतो. ती यंत्रणा बिघडली की माणूस स्वप्न अंगानं जगतो. हे सगळं कंपाच्या कितीतरी वर्षं आधी सुरू होऊ शकतं. वास गेलेल्या किंवा बद्धकोष्ठ असलेल्या प्रत्येकाला पार्किन्सन होतो असा याचा अर्थ मुळीच नाही. पण झोपेत लाथा झाडणं डॉक्टरांच्या कानावर घालावं इतकं महत्त्वाचं नक्कीच आहे.

आजाराला नाव ज्यांचं मिळालं, ते जेम्स पार्किन्सन लंडनचे. 1817 मध्ये त्यांनी सहा रुग्णांचं वर्णन करणारी पुस्तिका लिहिली. त्यांतल्या काही जणांना त्यांनी नुसतं रस्त्यावर पाहिलं होतं. त्यांचा जन्मदिवस 11 एप्रिल, तोच आता जागतिक पार्किन्सन दिन. मला मात्र पुढची गोष्ट जास्त ओढते, कारण तिचा एक धागा आपल्या मातीतला आहे. सर्पगंधा ही आयुर्वेदातली जुनी वनस्पती. तिच्या मुळांतून 1952 मध्ये रेसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. स्वीडनमध्ये अर्विड कार्लसन यांनी ते सशांना दिलं. ससे जागच्या जागी थिजले. मग त्यांना लेव्होडोपा टोचलं, म्हणजे ज्याच्यापासून शरीर डोपामिन बनवतं ते द्रव्य. थोड्याच वेळात ससे हलायला लागले. हे 1957 सालचं. 2000 मध्ये कार्लसन यांना नोबेल मिळालं. 1960 मध्ये व्हिएन्नात मृत रुग्णांच्या मेंदूत डोपामिन फार कमी असल्याचं दाखवलं गेलं आणि पुढच्याच वर्षी रुग्णांना लेव्होडोपा टोचल्यावर अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालली.

आज आत्या घेते ती गोळी याच लेव्होडोपाची. थेट डोपामिन का देत नाहीत? कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत ते आत सोडत नाही. लेव्होडोपा आत जातं आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. वाटेतच रूपांतर होऊन वाया जाऊ नये आणि मळमळ वाढू नये म्हणून गोळीत कार्बिडोपासारखं दुसरं औषध मिसळलेलं असतं.

या गोळीचं एक पथ्य घरोघरी कळायला हवं. आतड्यात आणि मेंदूच्या त्या भिंतीपाशी लेव्होडोपा ज्या वाटेनं आत जातं, त्याच वाटेनं प्रथिनांचे घटकही जातात. दोघं एकदम आले की गर्दी होते. पहिले दोन महिने आत्या सकाळची गोळी दूध-भाकरीबरोबर घ्यायची आणि "गोळीचा काही गुण येईना" म्हणायची. डॉक्टरांनी जेवणाआधी अर्धा तास, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायला सांगितली. त्यानंतर दुपारपर्यंत तिचा हात मोकळा राहायला लागला. गोळी मनानं बंद मात्र कधीच करायची नाही, एकदम थांबवल्यास जिवावर बेतू शकतं. हेही खरं की ती पेशी मरायचं थांबवत नाही, तूट भरून काढते. वर्षं जातात तसा एका गोळीचा असर लवकर ओसरतो, कधी अंग नको तितकं हलायला लागतं आणि मात्रा नव्यानं बसवावी लागते. काही निवडक रुग्णांच्या मेंदूत बारीक तारा बसवून विजेचे सौम्य ठोके देतात, त्याचा चांगला उपयोग होतो.

आता खाजकुयलीबद्दल. पावसाळ्यात कुपाटीवर चढणारा हा वेल खेड्यातल्या प्रत्येक पोरानं अंगाला लावून घेतलेला असतो. त्याच्या बियांत लेव्होडोपा असतं. 1937 मध्येच मद्रासच्या संशोधकांनी ते त्या बियांतून वेगळं केलं होतं. म्हणून कुणीतरी कौंचबीजाची, म्हणजे याच बियांची, पूड आणून देतं. बियांत द्रव्य आहे, हे खरं. पण कुठल्या पुडीत किती, हे चमच्यानं कळत नाही, आणि गोळीच्या जोडीला ती घेतली की मात्रा दुप्पटही होऊ शकते. घ्यायचीच असेल तर गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगून.

आणखी एक सावधगिरी गोळ्यांचीच. चक्कर येते म्हणून सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन, मळमळतं म्हणून मेटोक्लोप्रामाइड, अशी औषधं वयस्क माणसं जुन्या चिठ्ठीवर महिनोन्‌महिने घेत राहतात. त्यांनी हुबेहूब पार्किन्सनसारखी लक्षणं येऊ शकतात. ओळखलं आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानं औषध थांबवलं, तर बहुतेकदा ती हळूहळू ओसरतात. म्हणून दवाखान्यात जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या.

पेशी मरतात कशानं? आजार जडलेल्या पेशींत अल्फा-सायन्यूक्लीन या प्रथिनाचे गोळे सापडतात. वय हे सर्वांत मोठं कारण, थोड्या घराण्यांत जनुकांतला दोष. आणि विष. 1982 मध्ये कॅलिफोर्नियात भेसळीचं मादक द्रव्य टोचून घेतलेली तरुण माणसं काही दिवसांत पार्किन्सनच्या म्हाताऱ्यांसारखी थिजली. त्या भेसळीपासून शरीरात जे विष बनतं, त्याची रासायनिक ठेवण पॅराक्वाट या तणनाशकाच्या फार जवळची निघाली. पुढं शेतकऱ्यांवरच्या अभ्यासांत पॅराक्वाटचा संपर्क आणि पार्किन्सनचा वाढलेला धोका यांचा संबंध वारंवार दिसला. युरोपीय संघात हे तणनाशक 2007 पासून बंद आहे, आपल्याकडं विकलं जातं. आत्याला ते फवारणीनंच झालं असं कुणीही म्हणू शकत नाही, मीही म्हणत नाही. पण सोयाबीनच्या रानात पाठीवर गळका पंप, अंगात बनियन आणि पाय उघडे अशी माणसं दर वर्षी दिसतात, आणि ते पाहवत नाही.

शेवटी पुन्हा त्या ठेक्याकडं. सवयीच्या हालचाली सांभाळणारा जो भाग, तिथलं डोपामिन सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त घटतं. म्हणून जे न बघता जमायचं तेच जातं. चालणं, बटण लावणं, भाकरी थापणं. लक्ष देऊन, डोळ्यांनी बघून किंवा कानांनी ऐकून केलेल्या हालचालीला मेंदूत दुसऱ्या वाटाही आहेत आणि त्या बऱ्याच शाबूत असतात. नेदरलँड्समधल्या एका रुग्णाला चार पावलं टाकता येत नव्हती, तो सायकल मात्र सहज चालवायचा. डॉक्टरांनी ते 2010 मध्ये चित्रफितीसह छापलं. आत्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापाशी अडायची, पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मागून "चल की" म्हटलं की आणखीच अडायची. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी उंबरठ्याच्या अलीकडं जमिनीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारायला लावल्या, एकेक पावलाच्या अंतरानं. रेघ ओलांडायची म्हटली की पाय उचलतो. भाकरीला नात शेजारी बसून टाळ वाजवते. टाळाच्या चालीवर आत्या थापते, आणि तेवढ्यापुरती भाकरी मोठी होते. बोलत बोलत थापणं मात्र आता होत नाही. बोलायचं असलं की ती हात थांबवते.

या येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, आम्ही सगळे रानात गेलो. आंबील आणि भज्जी डोक्यावर घेऊन माणसं पुढं गेली. आत्याला गाडीवर बसवून न्यायचं ठरलं होतं. ती बांधावर उतरली आणि हरभऱ्याच्या तासांतून, म्हणजे पेरणीच्या ओळींतून, आडवी चालायला लागली. एक तास ओलांडला, दुसरा, तिसरा. घरातल्या उंबरठ्याला अडणारी बाई न थांबता कोपीपर्यंत गेली. मागून धावत आलेल्या सुनेला तिनं सांगितलं, "इथं रेघाच रेघा हायत की."